माहेर संपल्यावर बहिणींनी भेटायचं कुठे? बहिणी-बहिणींच्या सहली (अनुभव धागा)

कोयनाकाठ, कराड

संक्रांतीनंतर आम्ही चौघी बहिणी गुहागरला जाऊन आलो. दोन रात्री, तीन दिवस, सगळा प्रवास एसटीने. घरी आल्यावर नातवाने विचारलं, "आज्जी, काय काय बघितलं?" तर मला धड सांगता येईना. म्हणून लिहायला बसले. हा प्रकार एकट्या आमचा नसणार, तेव्हा तुम्हीही लिहा. सातारा-सांगलीकडच्या बायका बहिणी-बहिणी मिळून कुठे गेला असाल, रानात, देवाला, समुद्रावर, ते सांगा. नवरे आणि पोरं बरोबर होती ती सहल वेगळी, ती इथे नको. हॉटेलांची भाडी पण नकोत. काय झालं ते लिहा. भांडणं झाली असतील तर तीही.

आधी माझं.

आमचं माहेर पाटणच्या बाजूचं, कोयनेच्या काठाला. पुढे सोपा, मागे परडं, परड्यात शेवगा. वडील गेले, मग आई गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही चौघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कुणी जबरदस्ती केली नाही, आमच्याकडे करतात तशा केल्या. चार वर्षांनी भावाने घर विकलं आणि तो पुण्याला मुलाकडे गेला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चौघींना भेटायला जागाच राहिली नाही. एकीच्या सासरी जमलो तर ती दिवसभर ओट्याशी आणि बाकीच्या तिघी पाहुण्या. लग्नात भेटलो तर अर्धा जीव आहेरात. आणि मयतीला भेटलो तर रडून झालं की जो तो आपली गाडी धरतो.

धाकटी म्हणाली, "कुणाचंच सासर नाही अशा गावाला जाऊ."

आक्का ७६ ची, माई ७०, मी ६४, धाकटी ५८. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टरने मशीन दाबलं आणि चौघींचं मिळून दीड तिकीट झालं. आक्का आधारकार्ड हातात धरूनच बसली होती, कुणी मागो न मागो. घरच्यांचं मन वळवायला या दीड तिकिटाचा फार उपयोग झाला हे कबूल करते. "खर्च किती?" या प्रश्नाला उत्तर तयार होतं.

कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. कोयनानगरला गाडी थांबली तेव्हा माईने भूकंपाचा विषय काढला. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेले होते. मी सात वर्षांची होते, मला फक्त भांडी पडल्याचा आवाज आठवतो. आक्काचं लग्न त्याच वर्षी झालेलं, ती दिवाळीची आलेली अजून माहेरीच होती. माई तेरा वर्षांची, आणि धाकटी दीड वर्षाची, माईच्या कुशीत. आमच्या घरात ठरलेली गोष्ट अशी की भिंत पडायच्या आत माईने धाकटीला वाकळेत गुंडाळून बाहेर आणलं. धाकटी आयुष्यभर हेच ऐकत आलेली. माईच्या प्रत्येक वाढदिवसाला ती साडी पाठवते ती त्याचसाठी.

आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वाकळंत उशी होती."

"काय?"

"अंगणात येऊन हिनं वाकळ उलगडली तर आत उशी. मग आप्पा परत आत गेले, तू खाटंखाली झोपलेलीस. आईनं सगळ्यांना सांगितलं, पोरीला बोलायचं नाही, तिच्या मनाला लागंल."

'पोरगी' म्हणजे माई. माईने तोंडाला पदर लावला. धाकटी काही बोलेना. घाट सुरू झाला, वळणं लागली, पोफळी आली तरी गप्प. मग एकदम म्हणाली, "म्हणजे सत्तावन्न वर्षं साड्या उशीपायी गेल्या." पुढे चिपळूणपर्यंत आम्ही कशावर हसत होतो ते आख्ख्या गाडीला कळलं नसेल. ही गोष्ट आई असती तर निघाली नसती. भाऊ किंवा आमच्यातल्या कुणाचा नवरा तिथे असता तरी निघाली नसती.

गुहागर म्हणजे एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या. रस्त्यावरून समुद्र दिसतच नाही. दोन घरांमधून खाली जाणारी जांभ्याची वाट धरायची, मग सुरूची झाडं, मग एकदम वाळू. आम्ही तिला पाणंद म्हणालो, घरमालकीणबाई पाखाडी म्हणाल्या. त्यांना आमचं बोलणं फार मोठ्याने वाटत होतं. "तुम्ही घाटावरच्या ना?" हे त्यांनी तीन दिवसांत पाचदा तरी विचारलं असेल.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. हेदवीच्या दशभुज गणपतीला जायचं हे घरून ठरवूनच निघालो होतो. दर्शन साडेनऊलाच झालं. मग खाली समुद्राच्या कडेला बामणघळ आहे ती बघायला गेलो. काळ्या खडकात एक अरुंद, लांब चीर, भरतीचं पाणी त्यात घुसतं आणि वर उडतं. आम्ही गेलो तर तळाला थोडं पाणी आणि खेकडे. माई म्हणाली, "एवढ्यासाठी आणलंस व्हय?" शेजारी कोकम सरबत विकणाऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आज चतुर्थी ना? मग तीन वाजता या."

तिथीचा आणि समुद्राचा काय संबंध? तर त्यांचा हिशेब असा, की जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. आक्का चौथी शिकलेली. तिने डोळे मिटले आणि शाळेतली पाऊणकी म्हणायला लागली, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन." आणि डोळे उघडून, "खरंच की गं." त्यानंतर सहल संपेपर्यंत ती आमची भरती-ओहोटीची अधिकारी. उद्या पंचमी, पावणेचार. परवा षष्ठी, साडेचार. जन्मभर एकादशी-चतुर्थी सांभाळलेल्या बाईला समुद्राचं वेळापत्रक पाठच होतं, फक्त समुद्र बघितला नव्हता.

घळीजवळ उमामहेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या सावलीत आम्ही साडेदहापासून तीनपर्यंत नुसत्या बसून राहिलो. तिघींचा उपास, बरोबर राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे. साडेचार तास काही न करता बसायची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. दोननंतर घळीच्या तळातून गुरगुर यायला लागली. मग प्रत्येक लाटेला खडकाच्या पोटात कुणी दार आपटल्यासारखा धप्प आवाज, आणि शेवटी पाणी वर आलं. हिवाळ्यात फार उंच उडत नाही असं त्या बाईंनी आधीच सांगून ठेवलेलं, तरी माईचा चष्मा मिठाने पांढरा झाला. ती चाटून बघत होती.

रात्री चंद्रोदयाला वाळूत जाऊन बसलो. माईची खात्री की चंद्र समुद्रातून वर येणार. नऊ वाजून गेले, काही दिसेना. तेवढ्यात मालकीणबाईंनी मागून हाक मारली, "अहो, तिकडे काय बघताय, इकडे उगवला!" चंद्र आमच्या पाठीमागून आलेला. नारळांवर, डोंगरांच्या बाजूने, म्हणजे आमच्याच गावावरून. त्यांनी उकडीचे मोदक केले होते. आक्काने एक मोडून आत बघितलं आणि म्हणाली, "आपल्यापेक्षा पारी पातळ हाय."

आता तुम्ही लिहा.


हळदपेठ, सांगली

आम्ही तिघी, मी मधली. गाडी ठरवून कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी, गणपतीपुळे. निघताना एक नियम केला होता, आईच्या पाटल्यांबद्दल बोलायचं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. पाटल्या दोन आणि आम्ही तिघी. ताईचं म्हणणं तिने आईचं शेवटचं आजारपण काढलं. धाकटीचं म्हणणं आईने तिला तोंडी सांगितलं होतं. माझं म्हणणं कुणी विचारत नाही.

नियम आंबा घाटात मोडला. धाकटीला गाडी लागते. आवळासुपारी झाली, लिंबू हुंगून झालं, शेवटी दोनदा गाडी थांबवली. ताई तिची पाठ चोळत होती आणि चोळता चोळता म्हणाली, "आईलाही अशीच लागायची, तेव्हा कोण होतं बघायला?" झालं. पुढचा तासभर गाडीत फक्त ड्रायव्हरची गाणी.

गणपतीपुळ्याला डोंगर हाच गणपती, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नाही, सगळ्या डोंगराला घालायची. सुमारे एक किलोमीटर. फरसबंद वाट आहे, पण दुपारची तापते. त्या वाटेवर पुढे-मागे होत दोघी कधी बरोबरीने चालायला लागल्या मला कळलं नाही. मी गुडघ्यांमुळे मागे. समुद्राच्या अंगाला वळल्यावर बघते तर दोघी कठड्याला टेकून बोलतायत. मला बघितल्यावर गप्प. काय बोलल्या ते आजवर सांगितलेलं नाही. पाटल्या अजून लॉकरमध्येच आहेत.

एक कामाचं सांगते. आम्ही दोन किलो भडंग नेलं होतं, सांगलीकर दुसरं काय नेणार. पिशवीला गाठ मारून ठेवलेलं भडंग खाऱ्या हवेत एका रात्रीत सादळलं. सकाळी खाल्लं तर कागद चावल्यासारखं. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा न्या. ताईने ते घरी आणून कढईत परतून कुरकुरीत केलं आणि आम्हाला दोघींना वाटून पाठवलं. तीन सारखे भाग, वजन करून.


वाईकर थोरली

तुम्हा सगळ्यांची वयं बघून लिहावं की नको असं झालं. मी २९, बहीण २४. ती पुण्यात कंपनीत, मी इथे बँकेत. तिच्या साखरपुड्याच्या आधी दोन दिवस स्कूटरवर भटकलो, समुद्र नाही, फक्त आपला जिल्हा.

आमचा आधी सगळा बेत कासचा होता. सप्टेंबर, ऑनलाईन बुकिंग, रविवार टाळून. वर पोचलो तर पाच फुटांपलीकडे काही नाही. ढग पठारावर उतरून बसलेला. लोक कुंपणापाशी उभे राहून फोनवर फुलांचे फोटो शोधत होते. आम्हाला पायाशी होतं तेवढंच दिसलं, पण ते नीट दिसलं. गेंदाचे पांढरे ठिपके, आणि ओल्या खडकावर सीतेची आसवं. ही निळी-जांभळी फुलं नखाएवढी. वनरक्षकांनी सांगितलं की हे झाड पाण्यातले बारीक किडे खातं. बहीण म्हणाली, "नाव आसवं आणि धंदा हा." नवऱ्याच्या घरी हे नाव लक्षात ठेवीन म्हणाली.

परत येताना लिंबला बारा मोटांची विहीर. इथे मात्र लख्ख ऊन. आठ कोनी विहीर, आत उतरायला प्रशस्त जिना, कमानी आणि वर महालासारखी बसायची जागा. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली, शिलालेख आहे. वरच्या बाजूला मोटा जिथे चालायच्या तिथे दगडात त्यांच्या जागा मोजता येतात. आम्ही मोजल्या, बारापेक्षा जास्तच भरल्या. बहीण मधल्या जागेवर बसून राहिली. मला वाटलं दमली. तर म्हणाली, "तायडे, मला त्या घरात स्वतःची खोली नाही मिळणार गं. सांगितलं त्यांनी. हॉल आणि एक बेडरूम."

मेणवलीला घाटावर गेलो. १७३९ मध्ये वसईच्या विजयानंतर आलेली ती चर्चची घंटा बघायला मी शंभरदा गेले असेन. त्या दिवशी तिने घंटेखाली उभं राहून सेल्फी काढला नाही, एवढंच वेगळं.

लग्न झालं. ठीक आहे ती. फोन करायला गच्चीत जाते.


एक भाऊ

बायकांच्या धाग्यात लिहितोय, माफ करा. पहिलं वाचून राहवलं नाही. माझ्या तीन बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या त्या दिवशी मी त्यांना साड्या घेतल्या आणि हॉटेलात जेवायला घातलं. बिल सह्यांपेक्षा जास्त वेळ लक्षात राहिलं. आता त्या दरवर्षी हिवाळ्यात कोकणात जातात, मला फोटो येतात. घरी या म्हणालो तर थोरली म्हणते, "नको रे, तुझ्या बायकोला तिघींचा स्वयंपाक पडतो." यंदा जाताना धपाटी, दही आणि खर्डा मी स्टँडवर नेऊन दिला. धपाटी मीच थापली होती, हे त्यांना सांगितलं नाही. जाड होती, कळलं असेल.


दुष्काळी बाई, जत

माझी मोठी बहीण ६८ वर्षांची, मालक वारलेले, नऊवारी नेसते. आम्ही दोघी फोंडा घाटाने मालवणला गेलो, भाच्याने गाडी दिली. दाजीपूरचं जंगल लागलं तशी ती म्हणाली, "एवढी झाडं एका जागी कशाला?" विनोद म्हणून नाही. तिला खरंच त्रास होत होता, लांबचं दिसत नाही म्हणून. आमच्याकडे दारात बसलं की तीन गावं दिसतात.

समुद्र बघून ती काही बोलली नाही. मला वाटलं होतं हरखेल. तिने लुगड्याचा काठ वर धरला, पाय भिजवले आणि परत येऊन चपला घातल्या. बस, एवढंच. मी मनातून जरा नाराज झाले.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग. जेट्टीवर त्यांनी तिला लाईफ जॅकेट चढवलं, पट्टा काष्ट्यावरून कुठून घ्यायचा यावर तो पोरगा आणि ती दोघं पाच मिनिटं झगडली. होडीत तिने माझा दंड असा धरला की संध्याकाळी बोटं उठलेली दिसत होती. किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ बघितलं, तटात महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आहेत तिथे डोकं टेकवलं. आणि मग कुणीतरी सांगितलं की किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव.

इथे बाई जागी झाली. चारी बाजूंना खारं पाणी, मध्ये खडकाचं बेट, आणि आत गोडं पाणी? तिचा विश्वास बसेना. कठड्यावरून वाकून बघितलं, पाणी किती हातांवर आहे ते नजरेने मोजलं. बाजूच्या माणसाला विचारलं, उन्हाळ्यात आटते का, उपसा किती, झरा कुठल्या अंगाला. तो बिचारा फोटो काढणारा, त्याला काय माहीत. किल्ल्यात काही घरं अजून राहती आहेत. तिथल्या एका म्हातारीला गाठून तिने अर्धा तास पाण्यावर बोलून घेतलं. एकमेकींची भाषा दोघींना अर्धीच कळत होती. शेवटी तांब्याभर पाणी मागून प्यायली आणि मला म्हणाली, "जतला सहाशे फूट बोअर मारली तर फुफाटा निघतोय. आणि ह्यांनी समुद्रात हीर खांदली. कुणी जागा दावली असंल गं?"

गावात परत आल्यावर तिने समुद्राचं एक अक्षर सांगितलं नाही. म्हैसाळ योजनेचं पाणी आमच्या तलावात कधी सुटणार ही चर्चा दारात चालली की आता ती मध्येच म्हणते, "सिंधुदुर्गात तीन हिरी हायत." पुढे काही नाही. लोक बघत राहतात.


सोनारणी नव्हे गलाईवाली, विटा

सगळं छान छान चाललंय म्हणून मुद्दाम लिहिते. आमची सहल फसली.

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली, तशा आम्ही तिघी. एक कोईमतूरला, एक केरळात, मी विट्यात. बारा वर्षांनी तिघींची सुट्टी जमली. दापोलीजवळ एका ठिकाणी घर घेतलं. जाहिरातीत 'समुद्राला लागून', प्रत्यक्षात समुद्र चढ-उतारासकट वीस मिनिटं चालत. गिझर बंद, गादीला ओल. पण खरी गोष्ट ती नाही.

खरी गोष्ट, आमची मधली माळकरी आहे. पंढरीची वारी करते, कांदा-लसूणही नाही. मला हे माहीत नव्हतं का? होतं. बारा वर्षांत विसरले. त्या घरी एकच चूल आणि एकच तवा. कोईमतूरवालीला मासे खायचे होते, ती त्यासाठीच आलेली. हर्णैला संध्याकाळचा लिलाव बघायला गेलो. वाळूवर बोटी लागलेल्या, टोपल्याच टोपल्या, बोली अशी भराभर चाललेली की आमच्या सराफ कट्ट्यावरची माणसंही मागे पडावीत. मला मजा आली. कोईमतूरवालीने पापलेटं आणि सुरमई घेतली. मधली लांब उभी, नाकाला पदर, समोर सुवर्णदुर्गाकडे तोंड करून.

दोन दिवस ती केळी आणि बिस्किटांवर राहिली. विचारलं की म्हणायची, "मला भूकच नाही." चिडली नाही, रुसली नाही, अंगण झाडायची. आणि घरी गेल्यावर सगळ्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं की बहिणींनी मला उपाशी ठेवलं. ते फिरत फिरत माझ्या सासूपर्यंत आलं.

मला तिचा अजून राग येतो. आणि हेही कळतं, की दोन दिवसांत मी एकदाही नुसत्या तिच्यासाठी एक भाकरी वेगळी थापली नाही. पीठ होतं. तवा घासता आला असता. कोईमतूरवालीशी हिशेबावरूनही बिनसलं, पण ते लिहीत नाही, अठराशे रुपयांचा प्रश्न आहे आणि वाचणाऱ्याला हसू येईल.

जाणाऱ्यांनो, घर घेताना आधी विचारा, मासे आणि शाकाहारी वेगळं रांधता का? बऱ्याच ठिकाणी करतात. आम्ही विचारलं नाही.


उलटी गंगा

माझं माहेर हरिपूर, सासर दापोली तालुक्यात. तुम्ही सगळ्या खाली उतरता, मी वर चढते. माझ्या बहिणीला (ती सांगलीत) वाटतं मला रोज समुद्र म्हणजे रोज सहल. बाई, पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत.

गेल्या मार्गशीर्षात आठ दिवस आले. बहिणीने विचारलं कुठे जायचं, म्हणाले सपाट जमीन दाखव. मग दंडोबाच्या डोंगरावर गेलो, वरून द्राक्षबागा नुसत्या. सागरेश्वरला हरणं बघितली. तासगावचा गणपती, त्याचं ते दाक्षिणात्य गोपूर, आणि येताना बेदाणा. एक दिवस गुऱ्हाळावर गेलो आणि गरम गूळ वडाच्या पानावर घेतला.

आणि संध्याकाळी रोज हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर. लहानपणी गावात हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, वरून तोंड लहान आणि आत माणूस उभा राहील एवढी. आमच्या घरामागे खेळताना तिकडे जाऊ नका म्हणून मार खाल्लाय. २००५ च्या पुरात खूप पेवं गेली. बहिणीने जिथे आमचं होतं ती जागा दाखवली, तिथे आता कुणाची तरी चारचाकी उभी असते. मी म्हटलं, "वास येतोय अजून." ती म्हणाली, "तुझ्या साडीला येतोय, सकाळी मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर बसलेलीस."


कोयनाकाठ, कराड

वाचतेय सगळं. गलाईवाल्या ताई, अठराशेचं पण लिहा, कुणी हसणार नाही. आमचं तीनशे वीसवरून झालेलं आहे. भावाने धपाट्यांत ओवा जास्त घातला असेल, पुढच्या वेळी बेतानं.

भरतीचं गणित दोघींनी विचारलंय. तिथी शुद्ध असो वा वद्य, पाऊणपट. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुनवेला-अवसेला दुपारी बाराच्या आसपास, आणि ती उधाणाची. दिवसात दोनदा येते, म्हणजे पुढची साधारण बारा-साडेबारा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचं. घळीच्या फार जवळ जाऊ नका, खडक शेवाळलेला असतो. धाकटी घसरून पडली होती तिथेच, लागलं नाही, साडी फाटली.

पुढचं ठरतंय. धाकटीला वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायचंय, फेब्रुवारी ते एप्रिल. माईला नको, ती म्हणते पहाटे उठून एवढं काय कासव बघायचं. आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं डॉक्टर म्हणतायत. काल तिचा फोन आला. मला वाटलं ऑपरेशनचं विचारतेय. तर म्हणाली, "त्या कासवांच्या गावात एसटी पार वाळूपत्तूर जाती का, का चालावं लागतंय?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

"आणि माईला म्हणावं, उशी आण."